मशेरी सोडायची कुणासाठी? गरोदर बाई, तंबाखू आणि आंबेडकरी इतिहास



'गरोदरपणात धूम्रपान करू नका' अशी पाटी तुम्ही सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर वाचली असेल. आपल्या वस्तीतली पाच महिन्यांची पोटुशी बाई त्या पाटीखालच्या बाकावर बसते, नंबर येईपर्यंत थांबते आणि पाटीकडे बघतसुद्धा नाही. कारण ती पाटी तिच्याशी बोलतच नाही. ती कुठे विडी-सिगारेट ओढते? ओढणं हे पुरुषांचं, नाहीतर सिनेमातल्या बायकांचं. तिची तर सकाळी उठल्यावर बोटभर मशेरी. कुणी मिसरी म्हणतं, कुणी मिश्री. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. तिच्या लेखी ते व्यसनच नाही, ते दात घासणं आहे.

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढ स्त्रियांपैकी २ टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या. मशेरी, जर्दा, खैनी अशी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मात्र १२.८ टक्के. म्हणजे सहापट. पाटी दोन टक्क्यांसाठी लावायची आणि उरलेल्यांना 'अडाणी' म्हणायचं, हा उफराटा न्याय आहे.

दारूवर आपल्या चळवळीत भरपूर बोललं जातं. मशेरीवर भर सभेत केलेलं भाषण मी अजून ऐकलेलं नाही. बाईची सवय, घरातली गोष्ट, क्षुल्लक बाब म्हणून आपण ती सोडून दिली. म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे : गरोदर बाईने तंबाखू सोडली पाहिजे. पण हे तिला सांगण्याचा अधिकार फक्त त्यालाच आहे, जो तिच्या पोटभर जेवणासाठी, विश्रांतीसाठी आणि बाळंतपणाच्या हक्कासाठीही उभा राहतो. हा विचार माझा नाही. आपल्या इतिहासात तो स्पष्ट लिहिलेला आहे. आपण तो अर्धाच वाचला.

तंबाखू ही आपली परंपरा नाही

पहिली गोष्ट. 'आमच्या आज्या-पणज्या लावत आल्या, त्यांना काही झालं नाही' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. त्याला उत्तर इतिहासाचं द्यावं लागेल. तंबाखू हे मूळ अमेरिका खंडातलं झाड. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणलं. मुघल दरबारात ते पोचलं विजापूरमार्गे. अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबारातून परतताना तंबाखू घेऊन गेला आणि त्याने ती बादशहापुढे ठेवली. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूबंदीचं फर्मान काढलं. ते किती पाळलं गेलं हे आपण आज कोपऱ्याकोपऱ्यावर पाहतोच.

म्हणजे तथागत बुद्धांच्या काळात या भूमीवर तंबाखूचं पानसुद्धा नव्हतं. जी वस्तू चार-सव्वाचारशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरली, तिला परंपरा म्हणून कवटाळायचं कारण नाही.

मग ती आपल्या घरात इतकी खोल का रुतली? कारण निकोटीन भूक मारतं. आतड्यांना चालना देतं. थोडा वेळ थकवा विसरायला लावतं. आता हे तिन्ही गुण आपल्या बाईच्या दिवसाशेजारी ठेवून बघा. पहाटे उठायचं, पाणी भरायचं, अंधारात परसाकडं जाऊन यायचं, मग कामावर. दुसऱ्याच्या शेतात, बांधकामावर, उसाच्या फडात, नाहीतर शहराच्या रस्त्यावर झाडू घेऊन. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर खायचं. 'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही', 'मशेरी लावली की भुकेचं काही वाटत नाही' ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. हे वाक्य बोलणारी बाई आपल्या व्यसनाबरोबर आपल्या उपासमारीचीही साक्ष देत असते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सुमारे एक लाख खेडुतांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांमध्ये मशेरी लावणाऱ्या ३९ टक्के, पुरुषांमध्ये एक टक्काही नाही. पुरुषाला चौकात उभं राहून विडी ओढायची मुभा होती. बाईने ओढली तर बेअब्रू. म्हणून तिने तीच तंबाखू दात घासण्याच्या नावाखाली तोंडात घेतली. सवय एकच, पण पुरुषसत्तेने तिचे दोन चेहरे केले. आणि बाईचा चेहरा कुणाच्या नजरेत आला नाही.

जगाला कळलं, आपल्यापर्यंत पोचलं नाही

आता विज्ञानाचा इतिहास बघू. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात विनिया सिम्पसन या स्त्री-डॉक्टरने हजारो बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या आणि दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण जवळपास दुप्पट आहे. पाठोपाठ मार्च १९५८ मध्ये ब्रिटनने एक मोठी पाहणी केली. एका आठवड्यात देशभर जन्मलेल्या सुमारे १७ हजार बाळांची नोंद घेतली. या नोंदींवर पुढे वर्षानुवर्षं काम झालं. १९७२ मध्ये नेव्हिल बटलर, हार्वे गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी जे मांडलं ते आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं वजनाने हलकी होती आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त होते. पण ज्यांनी चौथा महिना संपायच्या आत सिगारेट सोडली, त्यांच्या बाळांचा धोका न ओढणाऱ्या आयांच्या बाळांइतका खाली आला.

हे नीट लक्षात घ्या. 'आता काय, दिवस तर गेलेच, आता सोडून काय उपयोग' असं म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला हे उत्तर आहे. उपयोग आहे. जितक्या लवकर तितका जास्त. चौथा महिना उलटून गेला असला तरी ज्या दिवशी सोडाल त्या दिवसापासून वारेतून बाळाकडे जाणारं विष थांबतं.

तंबाखूच्या कंपन्यांना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. जानेवारी १९७१ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीचे प्रमुख जोसेफ कलमन यांना अमेरिकी टीव्हीवर याच विषयावर प्रश्न विचारला गेला. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची बाळं लहान असतात, हे खरं मानलं तरी काही बायकांना लहान बाळच आवडेल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. हे वाचून तुमचं डोकं तापलं असेल. पण जरा आपल्या घरातही कान देऊ. 'जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल' हे कोण म्हणतं? दवाखाना लांब, गाडी नाही, सुईणीचा भरवसा, अशा परिस्थितीत आपल्या आज्यांनी भीतीपोटी हा सल्ला दिला. कंपनीच्या प्रमुखाने नफ्यापोटी दिला. दोघांचं कारण वेगळं, पण हलकं जन्मलेलं बाळ दोन्हीकडे गरिबाचंच.

आणि मशेरीचं काय? धूर नाही म्हणजे धोका नाही, असं समजणाऱ्यांसाठी मुंबईचाच पुरावा आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेतला. २००४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. इतर कारणांचा हिशेब वजा करून उरलेला हा फरक आहे. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं बाळ वैद्यकशास्त्र कमी वजनाचं मानतं. आधीच रक्त कमी असलेल्या, अर्धपोटी आईचं बाळ जन्मताना त्याच रेषेवर उभं असतं. त्याला रेषेखाली ढकलायला शंभर ग्रॅम पुरतात.

धूर नसला तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तातून वारेत, वारेतून बाळात. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. पाटीवर 'धूम्रपान' लिहिलंय की 'मशेरी' हे बाळाला कळत नाही.

दोष देऊन सवय सुटत नाही

१९७३-७४ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या आरोग्य शिक्षण मंडळाने एक गाजलेली मोहीम केली. भित्तिपत्रकावर उघड्या अंगाची, पोट दिसणारी गरोदर बाई आणि तिच्या हातात सिगारेट. बाळावर सिगारेट लादणं न्यायाचं आहे का, असा खाली सवाल. गाजावाजा खूप झाला. काही बायकांनी सोडलीही. पण पुढच्या वर्षांत दिसलं असं की शिकलेल्या, सुस्थितीतल्या बायका सोडत गेल्या आणि गरीब बायका मागे राहिल्या.

का मागे राहिल्या, हे हिलरी ग्रॅहम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात शोधलं. कमी उत्पन्नात लेकरं सांभाळणाऱ्या आयांशी त्या बोलल्या. त्या आयांना सिगारेट वाईट आहे हे माहीत होतं. पण सिगारेटची पाच मिनिटं ही दिवसातली एकमेव गोष्ट होती जी त्या स्वतःसाठी करत होत्या. कपडे घरच्यांचे, जेवण घरच्यांचं, वेळ घरच्यांचा. उरलेली पाच मिनिटं तेवढी त्यांची.

आपल्या वस्तीतल्या नळावर, ओट्यावर मशेरी लावत बसलेल्या बायका आठवा. एकीची डबी चौघींत फिरते. दोन शब्द सुखदुःखाचे बोलले जातात. त्या वेळेत कुणी हाक मारत नाही, कारण तोंड भरलेलं असतं. तिच्या हातून डबी काढून घेणाऱ्याने आधी उत्तर द्यावं : तिला तेवढा निवांतपणा तू दुसऱ्या कुठल्या वेळी देणार आहेस?

महाड १९२७, मुंबई कौन्सिल १९२८

आता मूळ मुद्द्यावर येतो. बाबासाहेबांनी 'सोडा' हा शब्द किती वेळा उच्चारला! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच त्यांनी स्त्रियांशी वेगळं बोलून सांगितलं : अस्पृश्यतेची खूण दाखवणारी लुगडं नेसायची पद्धत सोडा, कथलाचे ओझ्यासारखे दागिने सोडा, मुलींना शिकवा, आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. त्या बायकांनी तिथल्या तिथे लुगडं नेसण्याची पद्धत बदलली, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो.

हे सांगणं ब्राह्मणी शुचितेचं नव्हतं. 'तुम्ही घाण आहात म्हणून हे सोडा' असं ते म्हणत नव्हते. 'तुम्ही माणूस आहात म्हणून हे सोडा' असं म्हणत होते. पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात स्वाभिमान. गरोदर बाईला मशेरीबद्दल बोलताना हा फरक आपल्या आवाजात ऐकू आला पाहिजे.

पण अर्धा इतिहास इथे संपतो. उरलेला अर्धा ऐका.

जुलै १९२६ मध्ये बाबासाहेब आणि रमाईंचा लाडका राजरत्न गेला. त्याआधी गंगाधर, रमेश, इंदू गेले होते. पाच लेकरांतला एक यशवंतच जगला. ही लेकरं तंबाखूने नाही गेली, दारिद्र्याने गेली. बाळंतपण, आजारपण आणि रिकामा डबा यांचा एकमेकांशी काय संबंध असतो हे त्या घराला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्री-कामगारांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणारं बिल आलं. आपले काही लेखक ते बिल बाबासाहेबांनीच मांडलं असं लिहितात. तसं नाही. बिल आसवले या सभासदाचं होतं. बाबासाहेब त्याला पाठिंबा द्यायला उभे राहिले. खरा इतिहास सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत, कारण त्यांचा युक्तिवाद बिलाइतकाच मोलाचा होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. आणि मालक त्या स्त्रीच्या श्रमावर नफा कमावतो म्हणून त्यालाही हात झटकता येणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. १९२९ मध्ये कायदा झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला प्रांतिक कायदा.

महाडचा डिसेंबर आणि कौन्सिलचा जुलै यांत सात महिन्यांचं अंतर आहे. महाडला ते बायकांना म्हणाले, तुम्ही सोडा. कौन्सिलमध्ये ते सरकारला म्हणाले, तुम्ही द्या. ही एकाच विचाराची दोन पावलं आहेत. आपण पहिलं पाऊल तेवढं पाठ केलं, कारण त्यात खर्च नाही. बायकांना उपदेश करायला पैसे लागत नाहीत.

जय भीम आणि विडीची सुपं

तंबाखूशी आपलं नातं केवळ खाण्या-ओढण्याचं नाही, पोटापाण्याचंही आहे. विदर्भात कामठी, नागपूर, भंडारा, गोंदिया हा विडीचा मुलूख. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, आणि दिवसभर विड्या वळणाऱ्या बाया. त्यांच्यात आपल्या घरच्या बाया कितीतरी. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी या विडी कामगारांना संघटित केलं. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे हेच हरदास. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांताच्या विधानसभेवर निवडून आले आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत क्षयाने गेले. आपण रोज जो शब्द उच्चारतो तो तंबाखूच्या धुळीत खोकणाऱ्या माणसांच्या पुढाऱ्याने दिलेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस हजारांहून अधिक स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, लेकरं शिकवा, लग्नाची घाई करू नका, मुलांची रांग लावू नका. आणि त्याच परिषदेने ठराव केला की गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना पगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळालं पाहिजे. पुन्हा तेच : एका हाताने सोडणं, दुसऱ्या हाताने मागणं. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९४३ मध्ये, खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातली दुरुस्ती त्यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडली.

संविधानातही ही जोडी आहे. अनुच्छेद ४२ सांगतो, राज्याने कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांची तरतूद करावी. अनुच्छेद ४७ सांगतो, राज्याने लोकांचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे आपलं प्राथमिक कर्तव्य मानावं आणि आरोग्याला घातक मादक पदार्थांना आळा घालावा. पोषण आणि नशाबंदी एकाच अनुच्छेदात आहेत. ते योगायोगाने आलेले नाहीत. पोट रिकामं ठेवून नशा सुटत नाही, हे तिथे कायद्याच्या भाषेत लिहिलं आहे.

कायदे पुढेही झाले. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा, ज्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही बाळंतपणाचा लाभ लिहिलेला होता. पण लिहिलेला होता एवढंच. ज्या बाईचं नावच ठेकेदाराच्या वहीत नाही, जिच्याकडे ओळखपत्र नाही, ती लाभ मागणार कुणाकडे? शेतमजूर, ऊसतोड, मोलकरीण यांची तर गोष्टच सोडा. दिवस भरत आले तरी त्या कोयता आणि झाडू खाली ठेवू शकत नाहीत. आणि कोयता हातात असतो तोवर मशेरीची डबी कमरेला असते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातल्याच क्रांतिकारी मित्रांचा. 'आधी व्यवस्था बदला, मग बाईला शिकवा. नाहीतर पीडितालाच दोष दिल्यासारखं होतं.' मित्रांनो, गर्भ नऊ महिने थांबतो, व्यवस्था बदलेपर्यंत थांबत नाही. चवदार तळ्याचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. तोवर मृतमांस खात राहा असं बाबासाहेब म्हणाले नाहीत.

दुसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. पाचव्या शीलात तंबाखूचं नाव नाही. बरोबर. असणार कसं, तंबाखूच नव्हती. पण त्या शीलाचं कारण काय सांगितलं आहे? प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. जी वस्तू आपल्याला बेसावध ठेवून पोटातल्या जिवाचं वजन चोरते, तिच्यासाठी वेगळी यादी करायची गरज पडू नये.

तिसरा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, वागण्यातून दाखवतं. तो पुरुषांचा. दहा बाय दहाच्या खोलीत गरोदर बायको झोपलेली आणि नवरा उंबऱ्यात बसून विडी ओढतोय. तो धूर तिच्या नाकात आणि बाळाच्या रक्तात जातो. सभेत पंचशील म्हणायचं, खिशात तंबाखूची पुडी ठेवायची आणि बायकोला म्हणायचं, पोटात बाळ आहे, मशेरी सोड. १९२७ ला बाबासाहेबांनी पिणाऱ्या पुरुषाचं ताट थांबवायला सांगितलं होतं. आज ती बाई ताट थांबवत नाही, ही तिची माया आहे. आपण मात्र विडी थांबवत नाही, हा आपला निलाजरेपणा आहे. घरात दिवस गेले की पहिली पुडी पुरुषाची सुटली पाहिजे.

मग करायचं काय?

भाषण पुरे. प्रत्येक वस्तीतल्या शाखेने, युवक मंडळाने, महिला मंडळाने करावीत अशी कामं सांगतो.

पहिलं, भाषा दुरुस्त करा. तुमच्या वस्तीतल्या उपकेंद्रात, अंगणवाडीत 'धूम्रपान' या शब्दाशेजारी 'मशेरी' लिहायला लावा. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीवर ना इशारा छापलेला असतो ना कॅन्सरचा फोटो. तो इशारा आपल्या तोंडूनच तिच्यापर्यंत जाणार आहे.

दुसरं, रागावू नका, विचारा. गरोदर बाईला 'मशेरी लावता का?' असं दरडावून विचारलं तर ती 'नाही' म्हणेल. आशाताईंना, नर्सबाईंना आणि घरच्यांना हे समजावून सांगा. तिने खरं सांगितलं तर तिचं कौतुक करा.

तिसरं, सोडताना काय होतं ते आधीच सांगा. डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, झोप लागणार नाही. पहिला आठवडा सगळ्यात कठीण. दोन-चार आठवड्यांत ते ओसरत जातं. पोटासाठी पाणी, भाजी, फळं लागतात. ती मिळतात का हे बघणं घरच्यांचं काम. चार बायकांनी मिळून सोडलं तर ओट्यावरची बैठक मोडत नाही, फक्त डबी जाते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे. आणि एखादी दोनदा सोडून तिसऱ्यांदा लावताना दिसली तर तिला हसू नका. पुन्हा सोडायला सांगा.

चौथं, हक्क मिळवून द्या. मातृवंदना योजनेचा अर्ज, विडी कामगाराचं ओळखपत्र, बँकेचं खातं, अंगणवाडीचा आहार. कागदपत्रांसाठी तिला चार चकरा माराव्या लागत असतील तर त्या चकरा तुम्ही मारा. तुमचं शिक्षण कुणाच्या घामावर झालं ते आठवा. ज्या मंडळाने वर्षभरात एकाही गरोदर बाईचा अर्ज भरून दिला नाही, त्या मंडळाने तिच्या मशेरीवर भाषण करू नये.

शेवटी

महाडला ज्या बायकांनी लुगडं नेसायची पद्धत बदलली, त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. बाबासाहेब त्यांच्यासमोर उभे राहून बोलले, त्यांना माणूस मानून बोलले आणि हा माणूस आपल्यासाठी लढतो हे त्या डोळ्यांनी बघत होत्या. म्हणून त्यांनी ऐकलं. आज आपलं कुणी ऐकत नसेल तर दोष ऐकणाऱ्यात शोधू नका.

मशेरी सोडायची कुणासाठी? बाळासाठी, हे तर आहेच. पण आधी स्वतःसाठी. आपलं शरीर भूक मारून राबवायला कुणाच्या मालकीचं नाही, हे स्वतःला सांगण्यासाठी. ज्या दिवशी आपल्या वस्तीतली पोटुशी बाई सकाळी डबी बाजूला सारेल आणि दुपारी रजेचा अर्ज घेऊन मुकादमासमोर उभी राहील, त्या दिवशी १९२७ आणि १९२८ एकत्र येतील. त्या दिवशी तिच्या शेजारी आपण उभे असलो पाहिजे.

जय भीम! जय संविधान!